बारकीला विचारल्याशिवाय नाही

“थांब. आधी तिला इचारू.”

आक्काचं हे रोज सकाळचं वाक्य. दुधी भोपळ्याची बोटभर जाडीची चकती कापायची, तळहातावर ठेवायची आणि हात पुढं करून गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. विचारायचं ते म्हशीला. म्हशीनं चकती खाल्ली तर त्या दुधीचा रस निघायचा. म्हशीनं तोंड फिरवलं तर अख्खा दुधी उकिरड्यावर. पुढं चर्चा नाही.

मी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढते. सकाळी सहा ते नऊ, उपाशीपोटीचे नमुने. वीसेक वर्षं हेच काम. त्यामुळं माणसं मला चहाच्या आधी दिसतात. केस विंचरलेले नसतात, कवळी ग्लासात असते, आणि आपण फार पथ्य पाळतो हे सांगायला अजून कुणी सुरुवात केलेली नसते. तुमच्यापैकी ज्यांना माणसं बघायची सवय आहे त्यांना सांगते, बघायची तर या वेळेला बघावीत.

आक्का मला अशीच भेटली. गंगावेशीच्या मागच्या एका बोळात, दोन घरांच्या मध्ये तिचा गोठा होता. पत्र्याचं छप्पर, सात खुंटे, भिंतीला लागून सिमेंटची लांब गव्हाण. एके काळी सातही खुंट्यांना म्हशी होत्या. संध्याकाळी आक्का आणि तिचा नवरा त्या म्हशी दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात द्यायचे. नवरा गेला, आक्काचे गुडघे गेले, मुलगा इचलकरंजीला नोकरीला लागला. म्हशी एकेक करून विकल्या. राहिली एक, बारकी. वासरू असताना ठेवलेलं नाव. मी पाहिली तेव्हा ती टेकडीएवढी होती, शिंगं पार खांद्यामागं गेलेली, आणि दूध देणं बंद होऊन तीन वर्षं झालेली.

“काय गं रगातवाले, किती काढणार?” आक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं.

“पाच मिली.”

“एवढंच? एवढं तर गोचीड पिती.”

तिनं हात पुढं केला. सुई टोचली तरी ती माझ्याकडं बघतच होती. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी ती ‘मी येतो, मी सांगतो’ असं पुरुषी बोलायची. मिश्री लावून दात काळे झालेले. रिपोर्टमध्ये साखर भरपूर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहाराचा एक छापील कागद दिला. त्यात सकाळी हिरव्या भाज्यांचा रस घ्या असं होतं.

आक्कानं तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

“म्हंजे जल्मभर म्हसरांना घातलं, ते आता मी पियाचं?”

“हो.”

“आन् धार कोन काढणार माझी?”

ती हसली आणि मी निघाले. मला वाटलं, विषय संपला. अशा कागदांचं काय होतं ते मला माहीत आहे. त्यात लसूण बांधून ठेवतात.

तीन महिन्यांनी पुढच्या नमुन्याला गेले तर गोठा ओळखू येईना. रिकाम्या सहा खुंट्यांपुढची गव्हाण शेणखत-मातीनं भरून तिनं त्यात पालक, पुदिना, कोथिंबीर लावली होती. पत्र्यावर दुधीचा वेल चढवला होता. गव्हाणीत जिथं म्हशींची तोंडं असायची तिथं हिरवा पाला हलत होता, आणि शेवटच्या खुंट्याला बारकी त्याकडं बघत रवंथ करत उभी होती.

“बघ की,” आक्का म्हणाली. “चारा लावायचा कसा हे मला शिकवणार व्हय तुमचा डाक्टर?”

रस करायला मला तिनंच शिकवलं. कुठल्या कागदावर ते तसं लिहिलेलं नाही, म्हणून सांगते.

जनावराला नवा चारा एकदम घालत नाहीत. जुन्या कडब्यात मूठभर ओला मिसळायचा, दुसऱ्या दिवशी दोन मुठी, आठ दिवसांनी अर्धा. नाहीतर पोट फुगतं. आक्का म्हणायची, माणसाचं पोट वेगळं नाही. पहिला आठवडा नुसती काकडी, त्यात पुदिन्याची चार पानं. दुसऱ्या आठवड्यात पालकाची दोन पानं. मग दुधी. मग आवळा, आल्याचा तुकडा. मोठा ग्लास भरून पहिल्या दिवशी ढोसणारा माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो, आणि दोष पालकाला देतो. पाला तीन पाण्यांत धुवायचा. मिक्सरमधून काढला की धोतराच्या जुन्या फडक्यातून पिळायचा, आणि तो पिळताना तिची बोटं वरून खाली एकामागून एक आवळत यायची. धार काढणाऱ्याची बोटं. चोथा बारकीला.

माझ्याकडून मी एक भर घातली. मुतखडा असणाऱ्यानं रोज पालक घेऊ नये, आणि साखरेच्या गोळ्या रसाच्या भरवशावर बंद करू नयेत. आक्कानं ते ऐकून घेतलं.

आणि दुधी. दुधी कडू निघाला तर त्याचा रस म्हणजे विष. हे मी दवाखान्यातल्या बाकांवर बघितलं होतं. कारलं कडू असतं तसा हा कडूपणा नव्हे. दुधी कडू असायलाच नको. असला, तर त्याच्यात काहीतरी बिघडलं आहे. भाजीत एक घास खाल्ला तर माणूस थुंकून टाकतो, पण रस औषध म्हणून घशाखाली ढकलतो आणि मग उलट्या, रक्त पडणं, रक्तदाब खाली. आक्काला ते माहीत होतं तिच्या माहेराकडून, शाहूवाडीच्या डोंगरातून. तिथं कडू भोपळ्यानं तिच्या आईच्या दोन शेळ्या मेल्या होत्या.

“मग तुम्ही स्वतः का चाखत नाही?” मी विचारलं.

“माझी जीभ म्हंजे चामड्याचा पट्टा हाय. बारा वर्सांची असल्यापास्नं मिश्री. मला मीठ कळंना न् साखर कळंना. तिची जीभ बघ.” तिनं बारकीच्या नाकाखाली चकती धरली. बारकीनं वास घेतला, करड्या जिभेनं चकती ओढून घेतली आणि चावली. “झालं. पी आता.”

तिचा बोळ माझ्या रोजच्या रस्त्यावरच होता. मी रोज सव्वासहाला तिथं थांबायला लागले. उभ्याउभ्या अर्धा ग्लास घ्यायचा, पुढं जायचं. गल्लीतले दोन-तीन म्हातारेही तांब्या घेऊन येत. आमच्यासाठी ती म्हैस चाखत होती. आम्हाला त्यात विचित्र काही वाटत नव्हतं.

जानेवारीत बारकी मेली. म्हातारी झाली होती. सकाळी उठली नाही एवढंच. दहा माणसं लागली तिला बाहेर काढायला. मी दुसऱ्या दिवशी गेले ती आक्काला चार शब्द बोलावेत म्हणून.

आक्का कोपऱ्यात उभी होती. तळहातावर चकती होती. हात पुढं केलेला. समोर खुंटा, खुंट्याला दावं, दाव्याचं दुसरं टोक जमिनीवर.

“आक्का.”

“थांब जरा.”

मी थांबले. साधारण एक मिनिट गेलं. गोठ्यात आवाज नव्हता. मग आक्कानं हात मागं घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, “चालतंय. घे, मिक्सर लाव.”

“चालतंय म्हणजे? चकती तर हातातच आहे.”

“तुझ्या बापानं म्हस पाळली हुती का? जनावर आधी हुंगतंय. आता तिला भूक न्हाई, म्हनून खात न्हाई. पन जीभ लावली की.”

मी चकती हातात घेतली. ओली होती. दुधीला पाणी सुटतं. मी रस घेतला, गोड होता, आणि पुढच्या घरी गेले. माणसाचं असं होतं. मेलेल्या नवऱ्याचा चहा ओतणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. महिना-दोन महिन्यांनी कप कमी होतो.

आक्काचं तसं झालं नाही. ती बादलीत पाणी भरून ठेवी. खुंट्याखालची जागा झाडी. मला एक गोष्ट खटकायची ती माशांची. म्हैस गेली की आठ दिवसांत गोठ्यातल्या माशा जातात. बाकी गोठ्यात त्या राहिल्या नव्हत्या. त्या एका खुंट्यापाशी होत्या. कमरेएवढ्या उंचीवर फिरायच्या, एकदम उठायच्या, पुन्हा बसायला यायच्या. कुणीतरी शेपटीनं हाकलल्यासारख्या. मी तिकडं फार बघत नसे. मला साडेसहाचं पुढचं घर असायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी आक्कानं चकती धरली आणि लगेच हात मागं घेतला.

“न्हाय म्हनती.”

दुधी उकिरड्यावर गेला. आक्का दुसरा आणायला वळली तेव्हा मी त्या टाकलेल्या दुधीचा नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. मला खात्री करायची होती, आणि खरं तर आक्काला चुकीचं ठरवायचं होतं. थुंकले, पाच वेळा चूळ भरली, तरी दुपारपर्यंत जिभेचं टोक बधिर होतं.

“केलंस व्हय शानपन?” आक्का पाठीमागून म्हणाली.

मी प्रयोगशाळेत वाढलेली बाई आहे. एकदा झालं म्हणजे योगायोग. म्हणून मी मंडईतून दुधी आणू लागले आणि घरी चाखून, खूण करून ठेवू लागले. कडू दुधी सहज मिळत नाही. दीड महिन्यानं मिळाला. त्या दिवशी मी दोन दुधी पिशवीत घालून आक्काकडं गेले. दिसायला सारखेच. कुठला कडू ते फक्त मला माहीत होतं, आणि मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. ते मला जमतं. लोक माझ्या चेहऱ्यावरून रिपोर्ट वाचायला बघतात.

पहिल्या दुधीची चकती आक्कानं धरली. “चालतंय.”

दुसऱ्याची धरली. हात तिथंच राहिला. मग आक्का माझ्याकडं वळली आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडली.

“कशाला आनलंस गं हे? मुद्दाम? मुक्या जिवाला?”

त्या दिवशी बोळातून हमरस्त्यापर्यंत मी स्कूटर ढकलत नेली. पेट्रोल होतं.

पुन्हा प्रयोग केला नाही. त्याचं कारण शोधलं नाही आणि आजही माझ्याकडं ते नाही. रस घेणं मात्र थांबवलं नाही. आता हे विचित्र होतं हे मला कळत होतं, आणि तरी मला त्या गोठ्यात शहरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरापेक्षा सुरक्षित वाटत होतं.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं.

माझा नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि दोन्ही वाट्या संपल्या की तिसऱ्याचा विचार. त्या वर्षी त्याची साखर सीमेवर आली. माझ्या घरातला रिपोर्ट मीच काढलेला. मी ठरवलं की घरी रस सुरू करायचा. आक्काच्या पद्धतीनं, मूठभर मूठभर. पहिल्या आठवड्यात त्यानं काकडीचं पाणी घेतलं आणि “मला म्हशीच्या जागी बांधून घे,” म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात पालक आला तेव्हा ग्लास ओट्यावर ठेवून निघून गेला. मला राग आला.

“हे बघा,” मी म्हणाले, “मी रोज वीस घरी जाते. तुमच्यासारखे किती तरी बघते, पाय काळे पडलेले. नाक धरायचं, डोळे मिटायचे, प्यायचं. तोंड वाकडं करायचं नाही. चवीबद्दल एक शब्द ऐकायचा नाही मला.”

तो मुकाट्यानं प्यायला लागला. शिस्त लागली म्हणून मी खूश होते.

श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून नमुन्यांचा रिकामा डबा घेऊन बोळावरून चालले होते. आक्कानं हाक मारली. वेलावरचा हातभर लांब दुधी तिनं उतरवला होता. मधोमध कापून खालचा अर्धा मला दिला, देठाकडचा स्वतःकडं ठेवला.

“घिऊन जा. पन उद्या सकाळी मी तिला इचारतो, मग काप. आता ती न्हाई सांगायची, सांजच्याला तिचं डोस्कं ठिकान्यावर नसतंय.”

“फोन कराल का?”

“मला कुठं येतंय ते. तू ये की सव्वासहाला रोजच्यासारखी. मग घरला जाऊन कर.”

सकाळी मला साडेसहाला दुसऱ्या टोकाला जायचं होतं. ऑपरेशनचा रोगी, उशीर चालणार नव्हता. आक्काकडं जाऊन परत घरी यायला वेळ नव्हता. आणि मला जीभ आहे. मी काही मिश्री लावत नाही. खालच्या टोकाची चकती कापली, चावली. गोड, पाणीदार. दुधी किसला, पालक, पुदिना, आलं घातलं, पिळलं, ग्लास भरून नवऱ्याच्या हातात दिला आणि बुटांचे बंद बांधायला लागले.

दारावर थाप पडली. बेल होती, पण थापच पडली, उघड्या पंजाची.

दारात आक्का उभी होती. अनवाणी, पाय चिखलानं भरलेले, पदर खाली आलेला, श्वास लागलेला. हातात देठाकडचा अर्धा दुधी.

“पिऊ नका,” ती म्हणाली. “तिनं मान फिरवलीया. दोनदा धरलं, दोनदा फिरवली.”

मी मागं वळले. नवऱ्यानं नाक धरलेलं होतं, डोळे मिटलेले होते. ग्लास अर्धा रिकामा होता.

मी ग्लास ओढून घेतला आणि ओठाला लावला. एकच थेंब. फेब्रुवारीतली चव.

खालचं टोक गोड होतं आणि वर देठाकडं चढत गेलेला कडूपणा मधोमध कापलेल्या जागेपर्यंत आला होता. एकच टोक चाखलं ही माझी चूक. तयार रस चाखला नाही ही दुसरी. तिसरी मला रिक्षात कळली. नवरा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, उलट्या सुरू झाल्या होत्या, ओठ पांढरे.

“कडू लागलं नाही का तुम्हाला?” मी ओरडले.

“लागलं की,” तो म्हणाला. “लई कडू. पण तूच म्हणालीस ना, शब्द ऐकायचा नाही म्हणून.”

चार दिवस दवाखान्यात होता. पहिल्या रात्री रक्तदाब लागत नव्हता. त्याचं रक्त मी काढलं नाही, दुसऱ्या मुलीला काढायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण ग्लास गेला असता तर सांगता आलं नसतं. अर्धाच गेला. अर्धा का गेला हे मी त्यांना सांगितलं नाही.

तो घरी आल्यावर मी आक्काकडं गेले. पाया पडणं वगैरे माझ्याच्यानं होत नाही. फळं नेली होती, ती गव्हाणीवर ठेवली. पत्र्यावर वेल नव्हता. आक्कानं तो मुळापासून उपटून टाकला होता.

“कसा हाय मालक?”

“बरे आहेत. आक्का, एक विचारायचंय. तुम्ही आमच्या घरी कधी आला नव्हता. मी कुठं राहते हे तुम्हाला मी कधी सांगितलेलं नाही. नळाच्या चौकापासून तीन गल्ल्या फुटतात, पाहुणे फोन करून करून येतात. घर सापडलं कसं?”

आक्का पालक खुडत होती. तिनं मान वर केली नाही.

“मला कुठं ठावं तुझं घर. मी तिच्या मागनं आलो की.”

मी शेवटच्या खुंट्याकडं वळले.

“दावं सोडलं तशी निघाली,” आक्का म्हणाली. “वाटंत कुठं थांबली न्हाई. मलाच पळवलं. डांबरावर कधी एवढी चालली नव्हती गं ती. खुरं दुखावली तिची माझ्यापायी.”

तेव्हा मला खुंट्याखालची जमीन दिसली. चार ठिकाणी, म्हैस उभी राहते तेवढ्या अंतरावर, फरशीवर हळद-तेलाचे ओले गोल होते.

त्यानंतर आक्कानं दुधीला हात लावला नाही. काकडी, पालक, पुदिना एवढ्यावर रस करायची. मी जात राहिले. नवऱ्यानं रस बंद केला नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. मलाही वाटलं. दवाखान्यातून आल्यावर आठव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, “दुधी आण. घाबरून काय होतंय?” मी आणला. दोन्ही टोकं चाखली, रस चाखला, आधी अर्धा ग्लास मी स्वतः घेतला, मग त्याला दिला. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी गिळल्यावर त्यानं घोट घेतला. आमच्या संसाराला तीस वर्षं होत आली, पण तोवर त्यानं माझ्या हातचं खाताना माझ्या तोंडाकडं कधी बघितलं नव्हतं. त्यावर बोलण्यासारखी जागा मी स्वतःच ठेवली नव्हती.

थंडीत आक्काला झटका आला. उजवी बाजू गेली. मुलानं मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिची शीर सापडत नाही म्हणून तिथल्या ओळखीच्या नर्सनं मला बोलावून घेतलं. डाव्या हाताची मला पाठ होती.

“रगातवाले,” ती अडखळत म्हणाली. “मालक पितोय का?”

“पितात, आक्का. दुधी पण घालते. दोन्ही टोकं चाखते आधी.”

तिचा अर्धा चेहरा हलत नव्हता.

“आन् मधलं?”

सुई काढून कापूस दाबला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मुलानं गोठा एका गवळ्याला भाड्यानं दिला. गव्हाणीतली माती काढली, पालक गेला, सात खुंट्यांवर सात म्हशी बांधायचं ठरलं. त्या बोळात माझं अजून एक गिऱ्हाईक आहे, म्हणून जाणं होतं. गवळी माझ्याजवळ तक्रार करत होता. जनावरं शेवटच्या खुंट्याला राहत नाहीत. बांधलं की दावं तोडतात. त्यानं तो नाद सोडला. आता सहाच म्हशी आहेत, सगळ्या एका बाजूला अंगाला अंग लावून उभ्या असतात, आणि कोपऱ्यात एका म्हशीची आणि तिच्याजवळ उभ्या राहणाऱ्या एका माणसाची जागा मोकळी असते.

“इथं काय हुतं ओ बाई?” त्यानं मला विचारलं.

“पालक होता,” मी म्हणाले.

घरी रस रोज होतो. मी दुधीची दोन्ही टोकं चाखते, मधून चकती काढून चाखते, रस चाखते, माझा अर्धा ग्लास पिते आणि त्याचा ग्लास भरून ओट्यावर ठेवते. तो खुर्चीत बसतो. ग्लास उचलत नाही. मी भांडी विसळते, बाहेर जायचा डबा भरते. दाराची कडी मी सकाळीच काढून ठेवते.

गोठ्यापासून आमच्या दारापर्यंत किती वेळ लागतो ते मी एकदा चालून पाहिलं, गुडघे दुखणाऱ्या बाईच्या चालीनं. सतरा मिनिटं लागतात. हिरवा रस काढल्याकाढल्या लगेच प्यावा, ठेवला की काळा पडतो, असं सगळीकडं लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे. आमच्याकडं तो सतरा मिनिटांनी पितात.